मुशीचे पर आणि कायद्यातील नामे

शार्क माशांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन हा विषय सामान्यतः प्राणिशास्त्राचा किंवा विधिशास्त्राचा समजला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे, ह्याचे काहींस नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु ह्या नियमनाचा इतिहास बारकाईने पाहू लागले म्हणजे असे आढळते की, त्यातील बरेचसे पेच नामांचे आहेत. कायद्याला ज्याचे रक्षण करावयाचे आहे, त्यास आधी नाव द्यावे लागते. उलट व्यापारात हा मासा ज्या रूपांनी हिंडतो, म्हणजे वाळलेला पर, पिंपातले तेल, कातडी सोलून केलेले तुकडे, ती सारी रूपे नाव पुसून टाकणारी असतात. पश्चिम किनाऱ्यावरील आणि विशेषतः मुंबई बंदरातून चाललेल्या व्यापाराच्या आधारे हा नामविषयक इतिहास प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे.

आरंभ आपल्या शब्दांपासून करणे योग्य होईल. मुंबई, ठाणे व रायगड ह्या किनाऱ्यांवर लहान-मध्यम आकाराच्या शार्कला मुशी म्हणतात. दक्षिणेस मालवण-वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंत मोरी हा शब्द रूढ आहे. हे दोन्ही शब्द एका विशिष्ट जातीचे वाचक नसून एका मोठ्या गोतावळ्याचे वाचक आहेत. ज्याचे डोके हातोडीसारखे दोन्ही बाजूंस पसरलेले असते, त्यास कानमुशी म्हणून वेगळे काढतात. शार्कचे चपटे भाऊबंद ते पाकट. लांब दंतुर सोंडेचा तो करवत मासा. म्हणजे जेथे डोळ्यांना भेद ठळक दिसतो तेथे बोलीने नाव दिले आहे, आणि जेथे भेद दातांच्या घडणीत किंवा परांच्या स्थानात दडलेला आहे तेथे एकाच शब्दावर काम भागविले आहे. ह्यात बोलीचा काही दोष नाही. बाजारात विकावयाच्या व घरी कालवणात घालावयाच्या मालाला याहून सूक्ष्म वर्गीकरणाची गरजच नव्हती.

शार्क हा शब्द आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून व वर्तमानपत्रांतून आला, आणि येताना त्याने एक दुभंग घडवून आणला. मराठी वाचकाच्या मनातील शार्क हा दूरच्या महासागरातला नरभक्षक प्राणी होय. मुशी मात्र कोळणीच्या पाटीतली, पापलेटाहून पुष्कळ स्वस्त असलेली मासळी होय. दोन्ही एकच आहेत हे सांगितल्यावाचून कित्येकांच्या ध्यानात येत नाही. शार्कच्या रक्षणाची बातमी वाचून हळहळणारे आणि त्याच दिवशी मुशी विकत घेणारे कुटुंब एकच असू शकते, आणि त्यात दांभिकपणाचा लवलेशही नसतो. संस्कृतातील मकर ह्या शब्दाचीही अशीच स्थिती झाली आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायातील मकराचा अर्थ कोणी शार्क असा करतात, तर त्याच शब्दाचा वंशज जो मगर, तो आपल्याला नदीकाठी भेटतो.

आता व्यापाराकडे वळू. मुंबईच्या बाँबे टाइम्स ह्या पत्राचे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट ह्यांनी १८५० मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळासाठी एक टिपण पाठविले. त्यावेळी कराची हे मुंबई इलाख्यातील बंदर होते. बुइस्ट लिहितात की, कराचीस प्रत्येकी बारा माणसांच्या तेरा मोठ्या होड्या निरंतर शार्क पकडण्याच्या कामी गुंतलेल्या असतात, बाजारात जाणाऱ्या परांची किंमत पंधरा ते अठरा हजार रुपये भरते, आणि वर्षाकाठी पकडल्या जाणाऱ्या माशांची संख्या चाळीस हजारांहून कमी नसावी. ह्या आकड्यांचा हिशेब केल्यास दर माशामागे परांचे सहा-सात आणे पडतात. १८४५-४६ ह्या एका वर्षात मुंबईहून चीनला ८,७७० हंड्रेडवेट पर रवाना झाले. आजच्या मापाने हे वजन सुमारे ४४५ मेट्रिक टन होते. हा माल केवळ आपल्या किनाऱ्यावरचा नव्हता. आफ्रिकेचा किनारा, अरबस्तानचे आखात आणि हिंदुस्थानातील इतर बंदरे येथून तो मुंबईस गोळा होई आणि तेथून पूर्वेकडे जाई. आल्बर्ट ग्युंथर ह्यांनी १८८० च्या आपल्या मत्स्यशास्त्रविषयक ग्रंथात हे आकडे पुन्हा उद्धृत केल्यामुळे ते विद्वानांच्या परिचयाचे राहिले.

ह्या टिपणातील एक शब्द भाषाभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर झोपल्यासारखा पडून राहणारा जो प्रचंड मासा, त्यास तेथील मच्छीमार म्होर म्हणतात असे बुइस्ट नोंदवितात, आणि तो युरोपीय समुद्रांतला बास्किंग शार्क होय असे समजतात. वास्तविक बास्किंग शार्क हा थंड पाण्यातला मासा आहे. अरबी समुद्रात असा पृष्ठभागी पहुडणारा महाकाय मासा म्हणजे व्हेल शार्क. त्याचे शास्त्रीय वर्णन अँड्र्यू स्मिथ ह्यांनी १८२८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका नमुन्यावरून केले होते, पण ते कराचीच्या माशाला लावण्याचे बुइस्टना सुचले नाही. म्हणजे कोळ्यांचे नाव बरोबर वस्तूला चिकटलेले होते आणि विद्वानाचे नाव चुकीच्या. म्होर आणि आपला मोरी ह्यांचा संबंध जोडण्याचा मोह येथे होतो. परंतु केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारणे हे आमच्या शास्त्रातले जुने व्यसन आहे, आणि ते येथे आवरलेले बरे.

व्यापाऱ्यांची स्वतःची परिभाषा ह्याहून निराळी होती. परांची प्रतवारी काळे आणि पांढरे अशी करीत. कोणत्या जातीचा मासा, हा प्रश्न वखारीत कोणी विचारीत नसे. रंग, आकार व वाळवण एवढ्यावर भाव ठरे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे दीडशे वर्षांनी कायद्याला जे कोडे पडले ते ह्याच प्रतवारीतून निर्माण झाले. मासा कापला गेला की त्याचे जातिनाम समुद्रावरच राहते आणि किनाऱ्यावर येतो तो एक रंग.

विद्वानांच्या नामकरणाचा प्रवास समांतर चालू होता. पॅट्रिक रसेल ह्यांनी विशाखापट्टणम येथे जमविलेल्या दोनशे माशांचा ग्रंथ १८०३ मध्ये निघाला. त्यात त्यांनी स्थानिक नावेच शीर्षकांस ठेवली, आणि तमिळातील सुरा ह्या शब्दाशी जोडलेला सोर्रा हा शब्द युरोपीय पुस्तकांत पोहोचला. तो आजही कार्कारायनस सोराह ह्या शार्कच्या लॅटिन नावात जिवंत आहे. १८३०-४० च्या दशकात बर्लिनचे म्युलर व हेन्ले ह्यांनी ह्या माशांची जी पद्धतशीर मांडणी केली, तिच्यात आपल्या मुशीला स्कोलिओडॉन लॅटिकॉडस हे नाव मिळाले. फ्रान्सिस डे ह्यांच्या १८७५-७८ च्या ग्रंथात शास्त्रीय नावांखाली देशी भाषांतील नावे दिली आहेत; अशी दुहेरी नोंद करण्याची चाल पुढे क्षीण झाली, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

स्कोलिओडॉन हे नाव मात्र एका अनपेक्षित मार्गाने महाराष्ट्रात घरोघरी गेले. इव्हँजेलिन तिल्लयंपलम ह्यांनी १९२८ मध्ये ह्या माशावर लिहिलेला प्रबंध भारतीय प्राणिशास्त्राच्या स्मरणिका-मालेत प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून देशातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विच्छेदनाच्या ताटलीत हाच मासा उघडला. ज्यांनी समुद्र क्वचितच पाहिला अशा देशावरील महाविद्यालयांतही फॉर्मॅलिनमध्ये बुडविलेला हा मासा असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदनास आळा घालीपर्यंत हा क्रम चालला. पदवीधरांच्या कित्येक पिढ्यांना त्याच्या मस्तिष्कनाड्या पाठ होत्या. परंतु बाजारातली मुशी ती हीच, हे त्यांतील किती जणांस ठाऊक होते, हा प्रश्न आहे.

दुसरा व्यापार तेलाचा. त्याचा इतिहास अल्पजीवी पण उद्बोधक आहे. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल येणे थांबले. अ जीवनसत्त्वाचा पर्यायी साठा म्हणून शार्कच्या यकृताकडे लक्ष गेले, आणि मद्रास, त्रावणकोर व मुंबई येथे हे तेल काढण्याचा उद्योग सुरू झाला. अलेंबिक कंपनीचे शार्कोफेरॉल हे टॉनिक ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. त्याच्या नावात शार्क आहे हे चमच्याने ते गिळणाऱ्या मुलांना कळत नसे इतकेच. त्याच काळात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ह्याच तेलासाठी एका जातीच्या शार्कची एवढी कत्तल झाली की काही वर्षांतच ती मासेमारी कोसळली. तिचा शेवट करण्यात कायद्याचा वाटा नव्हता. स्वित्झर्लंडमधील रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत ऑटो आयस्लर व त्यांचे सहकारी ह्यांनी १९४७ च्या सुमारास अ जीवनसत्त्व कृत्रिम रीतीने बनविण्याची औद्योगिक पद्धत सिद्ध केली, आणि यकृताच्या तेलाची बाजारपेठ ओसरली. व्यापार थांबावयाचा तर वस्तूला पर्याय निघाला पाहिजे, असा निष्कर्ष ह्यावरून काही जण काढतात. पराच्या बाबतीत तो लागू पडत नाही. पराला स्वतःची अशी चव फारशी नसते. सूपाला त्यापासून मिळतो तो पोत आणि यजमानाला मिळते ती प्रतिष्ठा. औषधाला पर्याय निघतो, मानाला निघणे कठीण.

आंतरराष्ट्रीय नियमनाचा पाया ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टन येथे घातला गेला. वन्य प्राणी व वनस्पती ह्यांच्या संकटग्रस्त जातींच्या व्यापाराविषयीचा तो करार १ जुलै १९७५ पासून अमलात आला. सायटीस ह्या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला. ह्या कराराची तीन परिशिष्टे आहेत. पहिल्यात ज्यांचा व्यापारी हेतूने व्यवहारच होऊ नये अशा जाती. दुसऱ्यात ज्यांचा व्यापार परवान्यानेच व्हावा अशा जाती. दुसऱ्या परिशिष्टातील जातीचा माल देशाबाहेर पाठवावयाचा तर दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: तो कायदेशीर रीतीने मिळविला आहे, आणि त्या निर्यातीने त्या जातीच्या अस्तित्वास अपाय होत नाही. दुसरा निर्वाळा शास्त्रज्ञांनी द्यावयाचा असतो, आणि तो देण्यासाठी समुद्रात किती मासे आहेत व त्यांपैकी किती पकडले जातात हे जातवार ठाऊक असावे लागते. मुशी एवढीच नोंद असलेल्या वहीतून हा निर्वाळा निघू शकत नाही, हे उघड आहे.

करार होऊन दोन दशके शार्कचा विषय त्यात उपस्थित झाला नाही. मासे म्हणजे वन्य प्राणी, ही कल्पनाच मनात रुजलेली नव्हती. वन्य म्हटले की वाघ, गेंडा, हत्ती. मत्स्यव्यवसायाची खाती निराळी, वनखाते निराळे. १९९४ मध्ये फोर्ट लॉडरडेल येथील परिषदेत शार्कविषयी पहिला ठराव झाला, तोही माहिती गोळा करण्यापुरता. माहिती गोळा करताना जी अडचण पुढे आली ती हीच की, बहुतेक देशांच्या आकडेवारीत सारे शार्क एका शीर्षकाखाली होते.

आपल्या देशातील घटना ह्यानंतर वेगाने घडल्या. गुजरातच्या किनाऱ्यावर वेरावळ परिसरात व्हेल शार्कची मोठी शिकार चालत असे. माइक पांडे ह्यांच्या शोअर्स ऑफ सायलेन्स ह्या २००० च्या अनुबोधपटाने ती लोकांसमोर आणली. मे २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आला. भारतीय कायद्याने वाघाच्या पंक्तीला बसविलेला तो पहिला मासा. पुढील वर्षी भारत व फिलिपीन्स ह्यांनी पुढाकार घेऊन सँटियागोच्या परिषदेत त्याला दुसऱ्या परिशिष्टात स्थान मिळवून दिले. परंतु त्याआधी, जुलै २००१ मध्ये, केंद्र सरकारने एक विलक्षण पाऊल टाकले होते. शार्क, पाकट व त्यांचे सारे कूर्चामय भाऊबंद एका अधिसूचनेने पहिल्या अनुसूचीत घातले गेले. म्हणजे भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकमध्ये उतरणारी प्रत्येक मुशी रातोरात वाघाइतकी संरक्षित झाली, आणि तिला पाटीत घालणारी कोळीण अपराधी. मच्छीमारांचा व निर्यातदारांचा विरोध झाला हे स्वाभाविकच होते. डिसेंबर २००१ मध्ये ही यादी दहा नावांवर आली.

ह्या दहा नावांवर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. सर्वसाधारण नावाने सर्वांना धरणे अव्यवहार्य ठरल्यावर कायदा दुसऱ्या टोकाला, म्हणजे विशेषनामांकडे गेला. परंतु विशेषनाम वापरावयाचे तर ते अचूक हवे. यादीत ऱ्हिंकोबाटस जिद्देन्सिस हे एक नाव होते. पाचरीसारख्या तोंडाचा, अर्धा शार्क व अर्धा पाकट भासणारा हा मासा. ह्या गटाच्या परांना बाजारात फार मोठा भाव येतो. हे नाव पेटर फोर्स्कोल ह्यांनी तांबड्या समुद्रावरील जिद्दा येथील माशाला दिले. ते ज्या डॅनिश मोहिमेबरोबर अरबस्तानात गेले होते तीत १७६३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांचे लिखाण १७७५ मध्ये सहप्रवासी कार्स्टन नीबुर ह्यांनी छापविले. हेच नीबुर मुंबईस येऊन घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने करून गेले, म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते परिचित आहेत. पुढील दोन शतके हिंदी महासागरातील त्या घडणीच्या प्रत्येक माशाला जिद्द्याचे नाव लावण्यात आले. अलीकडील संशोधनाने असे ठरले की, जिद्द्याची ती जात तांबडा समुद्र व हिंदी महासागराचा पश्चिम भाग एवढ्यापुरती मर्यादित आहे. भारताच्या किनाऱ्यावर आढळतात ते तिचे निकटचे भाऊबंद, ऱ्हिंकोबाटस लीविस आणि ऱ्हिंकोबाटस ऑस्ट्रेलिए. आता यादी शब्दशः वाचावयाची ठरविल्यास आपल्या किनाऱ्यावर नसलेल्या माशाचे रक्षण झाले आणि असलेल्या माशाचे राहून गेले.

दुसरे उदाहरण करवत माशाचे. यादीतील प्रिस्टिस मायक्रोडॉन ही स्वतंत्र जात नसून प्रिस्टिस प्रिस्टिस हीच होय, असे पुढे निश्चित झाले. तिसरे नाव पाँडिचेरी शार्कचे: पुदुच्चेरीच्या नमुन्यावरून म्युलर व हेन्ले ह्यांनी नाव दिलेला हा मासा संग्रहालयांतील मोजक्या नमुन्यांपलीकडे फारसा कोणी पाहिलेलाच नाही. वस्तू नाहीशी होऊन नाव मागे उरण्याचा हा प्रकार शब्दकोशकारांना नवा नाही, पण कायद्याच्या पुस्तकात तो खटकतो. येथे अनुसूची तयार करणाऱ्यांना हसण्याचा हेतू नाही. त्यांनी त्यावेळच्या प्रमाणग्रंथांतील नावे घेतली. दोष असलाच तर नाव हे स्थिर असते ह्या समजुतीचा आहे. प्राणिशास्त्रातील नाव हे एक अनुमान असते, आणि अनुमान बदलते. कायद्यातील नाव बदलावयास राजपत्र लागते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ह्यानंतर जे घडले ते थोडक्यात सांगता येईल. २०१३ मध्ये बँकॉकला तीन जातींच्या कानमुशी आणि आणखी दोन शार्क दुसऱ्या परिशिष्टात आले. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला व २०१९ मध्ये जिनिव्हाला आणखी काही. जिनिव्हाला पाचरीच्या तोंडाचे मासे एकेका जातीने न घेता अख्खे कुल म्हणून घेतले गेले, आणि जिद्द्याच्या नावाचा घोळ त्या पातळीवर तरी मिटला. २०२५ मध्ये समरकंद येथे व्हेल शार्क पहिल्या परिशिष्टात गेला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची परिषद नोव्हेंबर २०२२ ची, पनामाची.

पनामात कार्कारायनिडी हे सबंध कुल दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आले. पराच्या बाजारातील मोठा हिस्सा ह्या कुलाचा. त्यातील १९ जाती संकटात आहेत म्हणून, आणि उरलेल्या ३५ जाती त्यांच्यासारख्या दिसतात म्हणून. कराराच्या दुसऱ्या कलमातच अशी तरतूद आहे की, ज्या जातीचा माल संकटग्रस्त जातीच्या मालापासून ओळखून काढता येत नाही, तिलाही नियमनाखाली आणावे. पाणिनीय व्याकरणात एकशेष नावाची एक व्यवस्था आहे: समान रूपाचे अनेक शब्द एकत्र आले असता एक उरतो आणि तो सर्वांचा बोध करून देतो. सारखेपणाची ही तरतूद जवळजवळ तसेच काम करते. अधिकाऱ्यासमोर पर येतो. तो कोणत्या जातीचा हे डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून कुलाचे नाव सर्वांसाठी उभे राहते. १८५० च्या वखारीतील काळे-पांढरे ह्या प्रतवारीला आंतरराष्ट्रीय कायद्याने दिलेले हे उत्तर आहे असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या ३५ जातींत एक नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस हे आहे. म्हणजे आपली मुशी. हा मासा एक मीटरही लांब होत नाही. एक-दोन वर्षांत वयात येतो. एका वेतात सरासरी डझनभर पिले देतो. कानमुशीसारखे मोठे शार्क वयात यावयास कित्येक वर्षे घेतात, त्या मानाने ही जात चिवट आहे. जागतिक यादीत ती संकटसमीप गणली जाते, संकटग्रस्त नव्हे. तरीही २५ नोव्हेंबर २०२३ पासून, म्हणजे ही नोंद अमलात आल्यापासून, तिचे मांस, कूर्चा किंवा संशोधनासाठी काढलेला मांसखंडसुद्धा परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही. २००१ च्या जुलैमध्ये जे एका अधिसूचनेने करू पाहिले आणि जमले नाही, त्याच्याशी हे वरवर सारखे दिसते. मूलतः ते निराळे आहे. त्यावेळी सर्वसाधारण नावाने पकडणेच निषिद्ध झाले होते. आता पकडणे व खाणे मोकळे असून सीमा ओलांडणे तेवढे परवान्याच्या अधीन आहे. सर्वसाधारण नाव वापरावयाचे तर बंधन सौम्य हवे, आणि बंधन कठोर हवे असेल तर नाव नेमके हवे. ह्या दोहोंची गल्लत २००१ मध्ये झाली, पनामात झाली नाही, असे माझे मत आहे.

पराच्या बाबतीत भारताने स्वतंत्र मार्ग धरला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने असे धोरण जाहीर केले की, शार्क किनाऱ्यावर आणावयाचा तो परांसह अखंड आणावा. पर कापून धड समुद्रात टाकण्याच्या क्रूर प्रथेला हा प्रतिबंध होताच; शिवाय त्याने नाव आणि वस्तू पुन्हा एकत्र आणली, कारण अखंड मासा ओळखता येतो. माझ्या दृष्टीने आपल्या देशातील उपायांपैकी हा सर्वांत विचारपूर्वक केलेला उपाय होता. परंतु ६ फेब्रुवारी २०१५ रोजी वाणिज्य मंत्रालयाने सर्व जातींच्या परांची निर्यातच बंद केली. त्यामुळे ओळखण्याचा प्रश्न निकालात निघाला हे खरे. पण त्याबरोबर ओळखण्याचे कारणही गेले. इतर मासळीबरोबर जाळ्यात आलेल्या मुशीचा पर विकून खलाशाला जे चार पैसे मिळत ते थांबले, आणि मुशी जाळ्यात येणे काही थांबले नाही. जागतिक सीमाशुल्क व्यवहारात शार्कच्या वाळलेल्या परांना २०१२ मध्येच स्वतंत्र सांकेतिक क्रमांक मिळाला होता. तो मिळून तीन वर्षे होतात न होतात तोच आपल्या निर्यातीच्या दप्तरातून ही वस्तू कायद्याने लुप्त झाली.

दप्तरातून ती गेली, व्यवहारातून गेली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने मुंबईत शिवडी येथे व गुजरातेत वेरावळ येथे मिळून सुमारे ८,००० किलो पर जप्त केले. माल चीन व हाँगकाँगकडे जावयाचा होता, आणि तो इतर सुक्या सागरी मालाच्या नावाखाली पाठविण्याचा बेत होता. बुइस्टच्या काळी परांना जातीचे नाव नव्हते, पण निदान पर हे नाव होते. बंदीनंतर तेही गेले.

आमच्या चिंचवडसारख्या देशावरच्या गावी हा सारा विषय दूरचा वाटावा. तसा तो नाही. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाल्यापासून ह्या पट्ट्यात जी वस्ती होत गेली, तीत कोकणातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी मुशी-मोरी घाट चढून येते. ह्या व्यवहाराला वॉशिंग्टनचा करार स्पर्श करीत नाही. देशांतर्गत विक्री त्याच्या कक्षेबाहेर आहे. त्याला स्पर्श करते ती आपली अनुसूची. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूची नव्याने रचण्यात आल्या, १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या, आणि कराराच्या परिशिष्टांतील जातींसाठी चौथी अनुसूची वेगळी काढण्यात आली. तुकडे करून मांडलेल्या मुशीत एखादी संरक्षित जात मिसळली असली तर ती ओळखण्याचे साधन गिऱ्हाइकाजवळ नाही, विक्रेत्याजवळ नाही, आणि बहुतेक वेळा तपासनीसाजवळही नाही. बंदरावर अखंड मासा उतरतो तेथेच काय ती ओळख होऊ शकते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेची माणसे ससून डॉक व इतर बंदरांवर मासळीची जी जातवार नोंद करतात तिचे महत्त्व ह्यासाठी आहे. निर्यातीने अपाय होत नाही हा निर्वाळा देण्याचा आधार अखेर तीच नोंद. तिच्या जोडीला कोळी बोलींतील नावांचा बंदरवार कोश झाला पाहिजे. मालवणचा शब्द वसईस चालत नाही आणि वसईचा डहाणूस चालेलच असे नाही. मराठीच्या विभागांनी हाती घ्यावे असे हे काम आहे, आणि जुने खलाशी आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ पासून एक योजना चालविली आहे. व्हेल शार्क, कासव यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्यास सोडून दिले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी त्यास कमाल २५,००० रुपये मिळतात. त्यासाठी त्याला प्राण्याचे लॅटिन नाव लिहावे लागत नाही. सुटकेचे छायाचित्र द्यावे लागते. मासा होडीजवळ, कापलेले जाळे हातात, आणि तो मासा कोणता हे चित्र पाहून किनाऱ्यावरचे अधिकारी ठरवितात.